घार जमिनीवर उतरते

नदीवर पूल बांधायचं काम चाललं होतं, तिथे तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे म्हणायचे घार. उंच टॉवर क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये ती दिवसभर बसायची, वरून सगळ्या साइटवर नजर ठेवायची, आणि कुणी हेल्मेट काढून डोक्याचा घाम पुसायला लागला की पुढच्या क्षणी वॉकी-टॉकीवर तिचा आवाज घुमायचा. म्हणून घार. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाच्या लक्षात नव्हतं, पण तिला ते मनापासून आवडायचं. तिच्या नवऱ्याचं केस कापायचं दुकान होतं. तोही गिऱ्हाइकाच्या मानेवरून वस्तरा फिरवता फिरवता सांगायचा की आमची घार आज लोखंडी तुळया उचलतेय, आणि आरशात स्वतःचाच चेहरा बघून खूश व्हायचा.

पूल होता पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी. गाड्यांच्या पुलासारखा अवाढव्य नव्हे, पण देखणा. दोन्ही काठांवरून एकेक तुकडा जोडत तो नदीच्या मध्याकडे सरकत होता. शेवटी मधोमध एका तुकड्याएवढी जागा उरणार, तो तुकडा तराफ्यावरून येणार आणि दोन्ही काठांवरच्या क्रेन मिळून तो उचलणार, असं ठरलं होतं. दोन क्रेननी एकच ओझं उचलायचं म्हणजे अवघड काम. एकीने जरा घाई केली की सगळा भार दुसरीवर जातो. अशी संधी ऑपरेटरच्या आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी येते. पन्नाशीला टेकलेल्या घारीच्या आयुष्यात ती पहिल्यांदाच येत होती, आणि ती त्या दिवसाची लहान मुलीसारखी वाट पाहत होती.

त्या उन्हाळ्यात मात्र तिचं काहीतरी बिनसलं. तहान भागेना. बाटलीभर पाणी पोटात गेलं तरी जीभ टाळ्याला चिकटलेली. मग येता-जाता थंड गोड सरबतं, दुपारी थर्मासमधला साखर घातलेला चहा, त्याबरोबर क्रीमच्या बिस्किटांचा पुडा. आणि जितकं प्यावं तितकं खाली उतरावं लागायचं. क्रेनवरून उतरायचं म्हणजे काही घराचा जिना उतरणं नव्हे. उभ्या लोखंडी शिड्या, एकीखाली एक, आणि उतरलं की पुन्हा तेवढंच चढायचं. खाली उभा राहून हातांनी खुणा करणारा सिग्नलमन तिचा जुना जोडीदार होता. त्याचे हात असे लयीत चालायचे की सगळे त्याला बँडमास्तर म्हणायचे. तो एकदा म्हणालाच, बाई, आज तुम्ही वर कमी आणि शिडीवरच जास्त दिसताय. तिने हसून वेळ मारून नेली. उन्हाळा आहे, म्हणाली.

पण डोळे अंधुक व्हायला लागले तेव्हा तिला हसता येईना. खाली लोंबणारा हुक कधी कधी दोन दिसायचा. चष्मा केला. पंधरा-वीस दिवस बरं गेलं, मग पुन्हा तेच. एका दुपारी पाइपांचा जुडगा ठरल्या जागेपासून वीतभर बाजूला टेकला. कुणाला काही झालं नाही, बँडमास्तरने वेळेवर ‘थांबा’ म्हटलं होतं. पण आतापर्यंत घारीचं ओझं कधी बोटभरही इकडचं तिकडे झालं नव्हतं. तिने तिथेच क्रेन थांबवली, साइटच्या इंजिनिअरबाईंना सांगितलं की मला नीट दिसत नाही, आज मी काही उचलणार नाही, आणि हेल्मेट काखेत मारून तडक चष्म्याच्या दुकानात गेली.

तिथे ती भांडायच्याच तयारीने गेली होती. चष्मेवाल्याने शांतपणे पुन्हा नंबर काढला, जुना कागद पाहिला आणि यंत्र बाजूला सारलं. मग त्याने डोळ्यांशी काही संबंध नसलेले प्रश्न विचारायला सुरुवात केली. तहान लागते का, झोपेतून उठावं लागतं का, थकवा येतो का.

“बाई, मी हजार काचा बदलल्या तरी उपयोग नाही,” तो म्हणाला. “रक्तातली साखर वाढली की डोळ्याचं भिंग फुगतं. आधी रक्त तपासा. साखर ठिकाणावर आली की या, तेव्हाच्या काचांचे पैसे मी घेणार नाही.”

रक्त तपासलं. आकडा तीनशेच्या वर निघाला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा मधुमेह आहे, टाइप टू, तुमच्या वडिलांनाही होता म्हणता, म्हणजे घराण्यातून आलाय. गोळ्या लागतील, पण अर्ध्याहून जास्त काम गोळ्यांचं नाही, ते ताटाचं आणि पायांचं. घार मान डोलवत ऐकत होती. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या की साखर आणि नजर स्थिरावेपर्यंत क्रेनवर चढायचं नाही, तसं मी लिहून देते आहे. तेव्हा ती खुर्चीत ताठ झाली.

“किती दिवस?”

“तीन महिन्यांनी एक चाचणी करू. ती तीन महिन्यांतली साखरेची सरासरी दाखवते. आदल्या दिवशी उपाशी राहून तिला फसवता येत नाही.”

“आणि ती चांगली आली तर?”

“डोळ्यांचा दाखला आणा, मी त्याच दिवशी सही करते.”

दवाखान्याबाहेर पडताना घारीच्या डोक्यात आजार नव्हताच. पुलाचा मधला तुकडा साधारण तीन महिन्यांनीच यायचा होता. जमू शकतं, जमायलाच हवं, हे एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं, आणि चालता चालता तिचा वेग इतका वाढला की घराकडे जाणारी रिकामी बस शेजारून गेली तरी तिला ती दिसली नाही.

घरी गोष्ट वेगळी झाली. नवरा आणि ती लहानपणापासून एकाच गल्लीतले, त्यामुळे दोघांत पहिल्यापासून अरे-तुरे. लेक नोकरीसाठी दूर गेल्यापासून घरात दोघंच. घरचा स्वयंपाक त्याचा, कारण दुकान खालीच होतं आणि त्याला खाऊ घालण्याची हौस. लोण्यात परतलेले बटाटे, भाताचा डोंगर, जेवण झाल्यावर काहीतरी गोड, हा त्याचा रोजचा बेत. बातमी कळल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ताटात उकडलेला दुधी, उकडलेला कोबी, फिकं सूप आणि त्याचा सुतकी चेहरा असं सगळं एकदमच यायला लागलं. स्वतःही तो तेच खायचा आणि खाताना उसासे टाकायचा. चार-पाच दिवस घारीने सहन केलं. मग तिने चमचा खाली ठेवला.

“मी मरायला टेकले नाहीये. मला क्रेनवर चढायचंय. चढणाऱ्या माणसासाठी कर स्वयंपाक.”

त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “मीच तुला खाऊ घालून घालून हे करून ठेवलं ना?”

हे त्याच्या मनात असेल असं तिला वाटलंच नव्हतं. तिने त्याला वडिलांचं सांगितलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, आणि बिस्किटांचे पुडे मी तुझ्या चोरून वर नेत होते, तेही सांगून टाकलं. ते ऐकून तो आधी चिडला आणि मग त्याला हसू फुटलं. चार-पाच दिवसांचा सुतकी चेहरा त्या हसण्यात कुठल्या कुठे गेला.

दोघं मिळून आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. नवरा जाताना बाह्या सरसावूनच गेला होता. भात बंद करा म्हणाली तर चार शब्द सुनावायचे, असं त्याने वाटेतच ठरवलं होतं. ती निघाली तरुण, हसरी. तिने घारीला काही विचारायच्या आधी त्याला विचारलं की तुम्हाला सगळ्यात चांगलं काय करता येतं. झालं, गडी तिथेच विरघळला. मशरूम लसणीवर कसे परततो, मासा कसा भाजतो, अंड्यात मिरपूड कधी घालतो, सगळं सांगून झालं. तिने सांगितलं की बंद काहीच करायचं नाही, ताटातल्या जागा बदलायच्या. अर्धं ताट भाज्यांचं. पाव ताट अंडी, मासे, चिकन, नाहीतर घेवड्याचे दाणे. उरलेल्या पाव ताटात भात किंवा पाव. भाज्या आधी खायच्या, भात शेवटी. सरबतं मात्र खरंच बंद. जेवल्यावर बसून राहायचं नाही. आणि घरी साखर मोजायचं यंत्र घ्या, म्हणजे कुठल्या जेवणाने तुमच्या शरीरात काय होतं ते तुम्हालाच कळेल, मला विचारावं लागणार नाही.

त्या यंत्राने घरात धमाल उडवून दिली.

पहिल्यांदा बोटाला सुई टोचताना घारीने डोळे मिटून घेतले. नवऱ्याने तर तोंडच फिरवलं. पण पडद्यावर आकडा उमटला आणि दोघं त्याच्यावर अशी झुकली की डोक्याला डोकं आपटलं. सकाळी दोन अंडी, परतलेला पालक आणि पावाचा एकच काप खाऊन दोन तासांनी मोजलं, तर आकडा जेमतेम हललेला. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तोच. इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं की आपण खातो ते आत जाऊन असं काही करतं आणि ते आपल्याला बाहेरून बघता येतं. वरच्या केबिनमध्येही तिच्यासमोर असाच एक पडदा असायचा, हुकाला किती भार लटकलाय ते सांगणारा. त्या आकड्यांशी खेळण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. हा खेळ तिला पटकन जमला.

मग काय, रोज नवा प्रयोग. भात एकटा खाल्ला तर आकडा भरारी घेतो. तोच भात, तेवढाच, भाजी आणि मासा आधी खाऊन मग घेतला तर निम्म्यावर थांबतो. नणंद रविवारी आली ती अशक्तपणावर म्हणून ताज्या फळांच्या रसाची बाटली घेऊन. फळांचा रस म्हणजे किती पौष्टिक, साखरेचा एक कण घातलेला नाही, असं तिचं म्हणणं. घारीने पेला भरून प्यायला आणि नणंदेच्या देखत साखर मोजली. आकडा बघून नणंद इतकी गप्प झाली की तिला पाणी विचारावं लागलं. पुढच्या रविवारी तिने आख्खी फळं आणली आणि मोजताना स्वतःच यंत्र हातात धरून बसली.

खालच्या दुकानातही लोण पोचलं. नवऱ्याला सवयच होती घरातलं खाली सांगायची. गिऱ्हाइकं खुर्चीत मान वाकवून बसल्या बसल्या अंदाज बांधायची, आज फ्लॉवरचा आकडा किती येणार. एकाने ‘साखर नसलेली’ असं छापलेली बिस्किटं मोठ्या प्रेमाने आणून दिली. ती खाऊन आकडा साध्या बिस्किटांइतकाच वर गेला, तेव्हा दुकानात त्या पुड्याची जी टिंगल झाली ती आणणाऱ्यालाही ऐकवेना. एका संध्याकाळी नवऱ्याला लहर आली म्हणून त्याने स्वतःची साखर मोजली. दुपारी त्याने भात, बटाटे, वर दोन केळी असं सगळं चापलं होतं. आकडा आला अगदी शहाण्या मुलासारखा. तो आनंदाने तिला दाखवायला गेला, आणि घार त्या संध्याकाळभर त्याच्याशी बोलली नाही.

पण स्वयंपाकघरात त्याने जे आरंभलं होतं त्याला तोड नव्हती. फ्लॉवर किसून तो भातासारखा परतायचा. वांगी भाजून त्यात दही घालायचा. घेवड्याच्या दाण्यांना टोमॅटो आणि लसणीत असं मुरवायचा की वास खालच्या दुकानापर्यंत जायचा आणि दाढी करून झालेलं गिऱ्हाईक खुर्चीतून उठायचं नाही. रोज सकाळी डबा हातात देताना तो खुणेने सांगायचा, वरचा खण आधी, खालचा मग. घार तो डबा साइटवरच्या स्टोअरमध्ये बसून खायची, कारण तिला आता तिथे नेमलं होतं, हातमोजे, हेल्मेट, नटबोल्ट वाटायला. तिच्या क्रेनवर बदली ऑपरेटर आला होता. चांगला होता तो, हात हलका होता. स्टोअरच्या खिडकीतून तिला क्रेनचा लांब हात फिरताना दिसायचा आणि ती नटबोल्ट द्यायचे विसरायची.

दीडेक महिना झाला असेल, तेव्हा तिच्या कानावर आलं की इंजिनिअरबाईंनी मधल्या तुकड्याच्या कामासाठी बदली ऑपरेटरचंच नाव कळवलंय. त्याच दुपारी साइटवरल्या एका वेल्डरच्या निरोपाचा केक कापला होता. घारीने एक तुकडा घेतला. मग दुसरा. मग कुणी बघत नाही असं पाहून तिसराही. खाताना तिला चवही लागत नव्हती, नुसता राग राग चालला होता. घरी येऊन तिने मोजलं आणि यंत्र टेबलावर भिरकावलं.

“संपलं,” ती म्हणाली. “एवढे दिवस केलं ते सगळं मातीत.”

नवऱ्याने आकडा पाहिला. तो काही बोलेल, समजूत घालेल, असं तिला वाटलं होतं, आणि त्यावरही भांडायची तिची तयारी होती. पण त्याने दुकानाची किल्ली शेजाऱ्याकडे दिली आणि पायात बूट चढवले.

“चल.”

“कुठे?”

“नदीवर. तुझ्यावर चिडायला मला चालता चालता जास्त चांगलं जमेल.”

तिला हसायचं नव्हतं, तरी आलं. दोघं नदीच्या बांधावरून निघाले. आधी ती पाय ओढत होती, मग रागाने झपझप चालायला लागली. तो मागे पडायचा, धापा टाकत गाठायचा, पुन्हा मागे पडायचा. अर्धवट पूल मध्येच थांबलेला होता, दोन्हीकडून पुढे आलेला, मधल्या जागेतून पलीकडचं आकाश दिसत होतं. तिने त्याला सांगितलं की नाव दुसऱ्याचं गेलंय. तो म्हणाला की नाव गेलंय, तुकडा अजून आलेला नाही. बस एवढंच. मग ते उन्हं उतरेपर्यंत चालत राहिले. घरी परतल्यावर घारीने नको नको म्हणत पुन्हा बोट टोचलं, आणि बघतच राहिली. आकडा धाडकन खाली आला होता. तिच्या नुसत्या पायांनी तो खाली आणला होता.

ती उठून उभीच राहिली. जेवण ताटात वाढलेलं होतं तरी तिला बसवेना. म्हणजे चूक झाली तरी हातात काहीतरी असतं, हे तिला त्या क्षणी पक्कं कळलं. दुसऱ्या दिवशी ती इंजिनिअरबाईंसमोर जाऊन उभी राहिली. माझी चाचणी तुकडा यायच्या आधी होणार आहे, म्हणाली, आकडा चांगला आला आणि डोळ्यांचा दाखला मिळाला तर माझा विचार कराल का, एवढंच विचारायला आलेय. बाई कडक होत्या. त्या म्हणाल्या की कागद घेऊन या, मग चार दिवस वर साधी कामं करून दाखवा, मग बोलू. घारीला तेवढं पुरे होतं.

त्यानंतर रोज जेवल्यावर चालणं ठरूनच गेलं. बँडमास्तरही कधी कधी बरोबर यायचा, कारण त्याच्या बायकोने घारीचं उदाहरण देऊन देऊन त्याला भंडावून सोडलं होतं.

आणि एका सकाळी भलताच घोटाळा झाला. घार उठली, चष्मा लावला, आणि समोरची भिंत धुक्यात बुडाल्यासारखी झाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. डोळे गेले, इतकं करूनही डोळे गेले, असं वाटून तिने नवऱ्याला हाक मारली आणि डोळे चोळायला चष्मा काढला. काढला तशी ती खिडकीकडे धावली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी वाळत घातलेल्या चादरीवरची बारीक फुलं तिला दिसत होती. फुलांच्या पाकळ्याही. तिने चष्मा लावला, धुकं. काढला, पाकळ्या. नवरा दातांत ब्रश धरून धावत आला, तर ही खिडकीत उभी राहून चष्मा लावतेय नि काढतेय नि हसतेय.

तशीच ती चष्म्याच्या दुकानात गेली. दुकान उघडायचं होतं. चष्मेवाला शटर वर करतोय तोवर तिने त्याला रस्त्यावरच सगळं सांगून टाकलं. त्याने नंबर काढला आणि तोही खुलला. भिंग उतरलंय, म्हणाला, साखर खाली आली की असंच होतं, आता जरा थांबा, स्थिर होऊ द्या. पुढच्या दोन खेपांना नंबर तसाच राहिला तेव्हा त्याने लांबचं अगदी स्वच्छ दिसतंय असा दाखला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मिळवून द्यायला मदत केली, आणि वाचायच्या चष्म्याच्या काचा, बोलल्याप्रमाणे, फुकट घातल्या.

चाचणीच्या दिवशी नवऱ्याने दुकान बंद ठेवलं. दवाखान्यात दोघं शेजारी शेजारी बसले, आणि त्याचा पाय असा हलत होता की आख्खा बाक हलत होता. डॉक्टरीणबाईंनी निकाल वाचला, वर पाहिलं, पुन्हा वाचला. मग म्हणाल्या की इतका उतार मी सहसा बघत नाही. मधुमेह गेलेला नाही, हे त्यांनी लगेच बजावलं. तो राहणार, गोळी तूर्त चालू ठेवायची, दर तीन महिन्यांनी यायचं, आणि ताट पुन्हा जुन्या वळणावर गेलं तर आकडाही जाईल. पण आज तो ताब्यात आहे. आणि त्यांनी सही केली. ती सही होताना घार पेनाच्या टोकाकडे बघत होती. नवरा बाहेर येऊन भिंतीला टेकला आणि रुमाल डोळ्यांना लावून म्हणाला की त्या औषधांच्या वासाने त्याला नेहमीच असं होतं.

साइटवर तिने चार दिवस साधी कामं केली. पहिल्या दिवशी शिडी चढताना तिला जाणवलं की दम लागायचा तो लागतच नाहीये. केबिनमध्ये बसून तिने लिव्हरवर हात ठेवले आणि खाली पाहिलं. हुक एकच होता. बँडमास्तरने खालून हात वर केला, आणि पाइपांचा जुडगा तिने असा टेकवला की खाली आवाजही झाला नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी बदली ऑपरेटर स्वतःच इंजिनिअरबाईंकडे गेला आणि मधला तुकडा घारीनेच उचलावा, असं सांगून आला. त्याला दुसऱ्या साइटवरून बोलावणं आलं होतं, पण जाताना तो घारीला म्हणाला की नसतं आलं तरी मी हेच सांगितलं असतं. खरं की खोटं कुणास ठाऊक, तिने त्याचा हात मात्र घट्ट दाबला.

तुकडा आला त्या दिवशी वारा पडलेला होता. नदी आरशासारखी. दोन्ही काठांवर माणसं जमली होती, त्यात दुकानातली निम्मी गिऱ्हाइकं होती, नणंद होती, आणि सगळ्यांच्या पुढे कामाचा पांढरा कोट अंगावर तसाच ठेवून आलेला नवरा. समोरच्या काठावरच्या क्रेनवर एक गप्पिष्ट ऑपरेटर असायचा. त्याला इकडचे सगळे ‘पलीकडचा’ म्हणायचे, तो मात्र इकडच्यांना ‘पलीकडचे’ म्हणायचा. त्या दिवशी तोही गप्प होता. वॉकी-टॉकीवर फक्त बँडमास्तरचा आवाज. तो पुलाच्या टोकावर उभा होता, दोघांनाही दिसेल असा.

“दोघं मिळून. हळू. अजून हळू.”

तराफ्यावरून तुकडा उचलला गेला आणि घारीच्या समोरच्या पडद्यावर भार चढायला लागला. तिचा, त्याचा, बरोबर निम्मा-निम्मा. तराफ्यापासून तुकडा सुटला. मध्येच पलीकडची बाजू किंचित वर गेली आणि इकडचा आकडा सरसर चढला.

“थांबा,” बँडमास्तर म्हणाला.

घारीने हात आवरला. तुकडा नदीच्या वर तिरका लटकत होता. तिने घाई केली नाही. तिचा श्वास शांत होता, डोळे शांत होते, हात इतके हलके होते की लिव्हर जणू तिच्याच बोटांचा भाग. बँडमास्तरचा एक हात इंचाइंचाने वर गेला आणि तिने तेवढाच उचलला, इंचाइंचाने, तुकडा पाण्याला समांतर होईपर्यंत. मग पुन्हा दोघं मिळून. वर, अजून वर, आता पुढे. तुकडा जागेच्या तोंडाशी आला, क्षणभर थबकला आणि आत बसला. दोन्ही बाजूंनी जोडाच्या लोखंडी पिना ठोकायला माणसं धावली. हातोड्यांचे आवाज सुरू झाले, आणि मग बँडमास्तरने दोन्ही हात डोक्यावर नेऊन असे हलवले की त्यात सिग्नलचा काही संबंध नव्हता.

काठांवर जो गलका उठला तो केबिनच्या काचेतूनही आत आला. घार हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. वॉकी-टॉकीवर पलीकडच्याची जीभ एकदाची सुटली होती. तो सगळ्यांचं अभिनंदन करत होता, स्वतःचंसुद्धा. इंजिनिअरबाईंनी मध्येच बोलून सांगितलं की पुढच्या वर्षी वरच्या अंगाला आणखी एक पूल होतोय, तिथली क्रेन याहून बरीच उंच असणार आहे, येणार का. घारीने हो म्हणायला एक श्वासही वाया घालवला नाही.

मग ती शिड्या उतरायला लागली. खाली नवरा डबा घेऊन उभा असणार हे तिला माहीत होतं. आज त्याने काय केलंय ते त्याने काही केल्या सांगितलं नव्हतं, आणि तिला कडकडून भूक लागली होती.